हुकलेली उचल : वजन मध्येच अडलं तर काय करायचं, काय टाळायचं?

३० जुलै २०२२. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो वजनी गटात सांगलीचा संकेत सरगर उतरला होता. स्नॅचमध्ये त्याने ११३ किलो उचलले, क्लीन अँड जर्कच्या पहिल्याच प्रयत्नात १३५ किलो. एकूण २४८. दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलो डोक्यावर नेताना त्याच्या कोपराला दुखापत झाली आणि उचल हुकली. तिसऱ्यांदा तो तसाच परत आला, तीही हुकली. मलेशियाच्या मोहम्मद अनिकने शेवटच्या प्रयत्नात १४२ किलो उचलून २४९ ची बेरीज गाठली. एका किलोने सुवर्ण गेलं. तरीही त्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक संकेतच्याच गळ्यात पडलं, रौप्यपदक. वडिलांची पानाची टपरी असलेल्या घरातला हा मुलगा.

हे सांगायचं कारण असं की हुकलेली उचल मोठमोठ्यांच्या वाट्याला येते. मीराबाई चानूचं २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न हुकले आणि तिची बेरीजच लागली नाही. पुढच्याच वर्षी ती जगज्जेती झाली आणि टोकियोत २०२ किलो उचलून तिने रौप्य आणलं.

आमच्या हट्ट्यात आणि आसपासच्या गावांत आता बरीच पोरं व्यायामाला लागली आहेत. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी अग्निवीरसाठी, कुणी डॉक्टरांनी शुगर सांगितली म्हणून. कुणी वसमतला जातं, कुणी परभणीला, कुणी घराच्या ओसरीवर सिमेंट भरलेले डबे दांडीला लावून. शिकवायला माणूस नसतो, मोबाईलवरचे व्हिडिओ असतात. व्हिडिओत वजन नेहमी वर जातं. अडलं तर काय करायचं हे फारसं कुणी दाखवत नाही. म्हणून हे टिपण. घरातल्या अब्बा-अम्मींनीही वाचावं, कारण दुखापत झाली तर दवाखान्यात तेच घेऊन जातात.

हुकलेली उचल म्हणजे नेमकं काय?

एकदा वजन खाली नेऊन पुन्हा वर आणणं म्हणजे एक उचल. पोरं त्याला काउंट म्हणतात. अशा पाच, आठ किंवा दहा उचली सलग केल्या की एक सेट. ठरवलेल्या आकड्याआधी वजन अडलं की उचल हुकली. पण हुकण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिघांवरचा इलाज वेगळा आहे.

पहिला प्रकार : ढब बरोबर होती, जोरही पूर्ण लावला, पण वजन मध्येच थांबलं. ही खरी हुकलेली उचल. प्रत्येक व्यायामात एक अडायची जागा असते. बेंच प्रेसमध्ये छातीच्या जरा वर, स्क्वॉटमध्ये मांड्या जमिनीला समांतर होतात त्याच्या थोडं वर. तिथं सांध्यांचा कोन असा असतो की स्नायूंची ताकद सगळ्यात कमी पोचते. वजन बहुतेक तिथंच अडतं.

दुसरा प्रकार : वजन वर गेलं, पण ढब मोडून. कंबर वाकली, बेंचवरून ढुंगण उचललं, गुडघे आत आले, पुल-अपला लाथा मारल्या. पोरं ही उचल मोजतात. आमच्या मते ती मोजू नये. वहीत खोटा आकडा लिहिला की पुढच्या आठवड्याचं वजनही खोटं ठरतं.

तिसरा प्रकार : दुखलं म्हणून सोडली. याला हुकणं म्हणायचंच नाही. हा शहाणपणा आहे आणि त्या व्यायामाचा तो दिवस तिथंच संपतो.

त्या क्षणी काय करायचं?

अडलेल्या वजनाशी दोन-तीन सेकंद झुंजायला हरकत नाही. दांडी खाली यायला लागली की भांडण संपलं. मग ती सांभाळून ठेवायची.

बेंच प्रेस : सगळ्यात धोक्याचा व्यायाम हाच, कारण दांडी गळ्यावर आणि छातीवर येते. एकट्याने जड बेंच मारायचाच नाही. अंगठा दांडीभोवती वळवलेलाच हवा, नाहीतर दांडी तळव्यावरून घसरते. तरीही अडकलात तर दांडी सोडू नका. ती सावकाश छातीवर टेकवा, पोटाकडून मांड्यांकडे लोळवत न्या आणि उठून बसा. घरी एकटे असाल तर बेंचऐवजी जोर काढा किंवा जमिनीवर पडून डंबेल दाबा. हात जमिनीला टेकले की वजन तिथंच थांबतं.

स्क्वॉट : रॅकला आडव्या आधाराच्या दांड्या असतात, त्या तुमच्या सगळ्यात खालच्या बैठकीच्या किंचित खाली लावून ठेवा. अडलात की छाती वर ठेवून सरळ खाली बसा, दांडी आधारावर टेकेल. पुढे वाकू नका. आधाराच्या दांड्या नसतील तर अडेपर्यंत जायचंच नाही, दोन उचली हातात राखून थांबायचं.

डेडलिफ्ट : इथं सोपं आहे, खाली ठेवा. पाठ वाकडी होऊ लागली की वजन वर ओढण्याचा हट्ट नको.

पुल-अप : हात सोडून धपकन उडी मारू नका. सावकाश लटकत खाली या, मग पाय टेका.

मदतीला उभा राहणारा जोडीदार, ज्याला जिममध्ये स्पॉटर म्हणतात, त्याला सेट सुरू होण्याआधी सांगा : किती उचली करणार आहात आणि हात कधी लावायचा. दांडी थांबली किंवा खाली यायला लागली तरच त्याने धरायची. त्याने धरलेली उचल आपली नाही. जोडीदाराने भरवसा दिला म्हणजे त्याच्यापाशी आपली जान अमानत असते. त्याने त्या अर्ध्या मिनिटात मोबाईल पाहायचा नाही.

त्याच दिवशी पुढे काय?

उचल कितव्या सेटला हुकली ते आधी पाहा. त्यावर बरंच ठरतं.

शेवटच्या एक-दोन सेटमध्ये हुकली तर बहुधा थकवा आहे. जड उचलीसाठी स्नायूंमध्ये जे झटपट इंधन असतं ते साधारण दहा सेकंदांत उतरू लागतं आणि बरंचसं परत भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. आमची पोरं मिनिटभरात पुन्हा दांडीखाली जातात आणि मग म्हणतात, ताकद कमी पडली. ताकद कमी पडली नाही, विसावा कमी पडला. पाच मिनिटं थांबा, पुढचा सेट करा, जेवढं होईल तेवढं लिहा आणि पुढच्या व्यायामाकडे वळा.

पहिल्याच सेटला हुकली तर पाच मिनिटं थांबून एकदा पुन्हा करून पाहा. कधी दांडी वाकडी धरलेली असते, कधी अंग गरम झालेलं नसतं. दुसऱ्यांदाही हुकली तर वजन दहा टक्के उतरवा आणि राहिलेले सेट नीट पुरे करा. त्या दिवशी तिसरा प्रयत्न नको.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नमाज राहिली तर तिची कजा अदा करावी लागते, ते कर्ज आहे. हुकलेल्या उचलीची कजा नसते. तीन उचली राहिल्या म्हणून शेवटी आणखी दोन सेट मारायचे, उद्या दुप्पट करायचं, हा हिशोब व्यायामात चालत नाही. थकलेल्या अंगावर टाकलेलं जादा वजन ताकद वाढवत नाही, सांधे झिजवतं. राहिलं ते राहिलं. वहीत लिहायचं आणि घरी जायचं.

पुढच्या वेळी वजन किती ठेवायचं?

नवशिक्यांसाठी जगभर वापरली जाणारी एक साधी रीत आहे. उदाहरणाने सांगतो.

समजा तुम्ही ६० किलोचा स्क्वॉट पाच उचलींचे पाच सेट, म्हणजे एकूण २५ उचली, असं ठरवलं. पहिले तीन सेट पुरे झाले, चौथ्यात चार आल्या, पाचव्यात तीन. एकूण २२.

पुढच्या वेळी वजन वाढवायचं नाही आणि कमीही करायचं नाही. तेच ६० किलो, विसावा थोडा जास्त. २५ पुऱ्या झाल्या की त्याच्या पुढच्या वेळी ६२.५ किलो.

पुन्हा हुकलं तर आणखी एकदा ६०. लागोपाठ तीन वेळा हुकलं तर दहा टक्के माघार घ्यायची. ६० चे दहा टक्के ६, म्हणजे ५४. प्लेटांच्या हिशोबाने ५५ धरा. मग दर वेळी अडीच किलो वाढवत ५५, ५७.५, ६०. तिसऱ्या वेळी तुम्ही पुन्हा त्याच वजनावर असता, पण दरम्यान अंगाला विसावा मिळालेला असतो आणि ढब सुधारलेली असते. बहुतेकांची अडलेली गाडी इथं निघते.

माघार म्हणजे हार नव्हे. बैलगाडी चिखलात रुतली की गाडीवान आधी थोडी मागे घेतो, मग जोर लावतो. तसंच हे.

हात आणि खांद्यांच्या व्यायामात अडीच किलोची उडीही मोठी पडते. तिथं दुसरी रीत बरी : वजन तेच ठेवून उचली ८ पासून १२ पर्यंत वाढवा, सगळ्या सेटमध्ये १२ झाल्या की वजन वाढवून पुन्हा ८ वर या. या रीतीत एखादी उचल हुकली तरी काही बिघडत नाही, पुढच्या वेळी एक जास्त झाली की पुरे.

आणि एक कायमचा नियम. रोज अडेपर्यंत जाणं गरजेचं नाही. आणखी एक-दोन उचली झाल्या असत्या, असं वाटत असताना थांबलं तरी ताकद वाढते. हुकलेल्या उचली महिन्यातून चार-दोन असाव्यात. आठवड्यातून चार-दोन होत असतील तर वजन जास्त आहे.

का हुकली? हे तपासा

झोप : सहा तासांच्या खाली झोप आणि जड वजन, हे जमत नाही. रात्री दोनपर्यंत मोबाईल आणि फजरनंतर जिम असा दिनक्रम असेल तर आधी मोबाईल आवरा.

जेवण : वजन उचलणाऱ्याला दर किलो शरीरवजनामागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ६० किलोच्या मुलाला ७२ ते ९६ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ, शंभर ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात किंवा डाळीत वीसच्या आसपास, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये सत्तावीसच्या पुढे. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे यांत भागतं, महागडा डबा लागतोच असं नाही. कॅप्सूल घेत असाल तर तिचं आवरण कशाच्या जिलेटिनचं आहे ते वाचा, हलाल-हरामचा प्रश्न तिथं येतो. आणि वजन अडलं की कुणी इंजेक्शन सुचवलं तर त्या माणसाची संगत सोडा. स्टिरॉइडने काळीज, यकृत आणि पुढची औलाद, तिन्ही धोक्यात येतात.

दिवसाचं काम : हळदीची काढणी, शिजवणी, पोती भरणं चालू असेल त्या दिवसांत संध्याकाळी उचल हुकणारच. दिवसभर पोती वाहिलेल्या पोराने स्वतःला कमजोर समजू नये. त्या आठवड्यांत सेट निम्मे करावेत.

पाणी : मराठवाड्याच्या एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडखाली व्यायाम केला तर नुसत्या घामाने ताकद उतरते. वेळ बदला, सकाळी लवकर करा.

मन : परीक्षेचा ताण, घरातलं भांडण, आजारपण. अंगाला हे सगळं मोजता येतं.

भरतीवाल्यांसाठी

अग्निवीर जनरल ड्युटीच्या मैदानी चाचणीत बीमवर दहा पुल-अप मारणाऱ्याला ४० गुण मिळतात, नऊ मारणाऱ्याला ३३, सहा मारणाऱ्याला १६. म्हणजे एक हुकलेला पुल-अप सात गुणांना पडतो. तिथं लाथा मारून चढलेला, हनुवटी दांडीवर न गेलेला पुल-अप मोजत नाहीत. म्हणून घरीही मोजू नका.

पाचाच्या पुढे जात नसेल त्यांनी रोज पाचवर मरायचं नाही. तीन-तीनचे आठ सेट करा, एकूण २४. मधे दीड-दोन मिनिटं विसावा. शेवटच्या दोन सेटमध्ये स्टुलावर चढून हनुवटी वर ठेवा आणि पाच सेकंदांत सावकाश खाली उतरा. दर आठवड्याला एकाच सेटमध्ये एक पुल-अप वाढवा. पंधरा दिवसांतून एकदाच पूर्ण परीक्षा द्या, किती सलग येतात ते पाहायला.

पोलीस भरतीच्या मैदानात १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. तिथं वजनाचा व्यायाम आधाराला आहे, मुख्य नाही. भरतीच्या आधीच्या दहा दिवसांत एकही उचल हुकू देऊ नका, म्हणजे तेवढं जड घेऊच नका. त्या दिवसांत ताकद वाढत नाही, दुखापत मात्र होऊ शकते.

रमजानमध्ये

रोजा असताना अडेपर्यंत व्यायाम करू नये. इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी किंवा तरावीह झाल्यावर वेळ ठेवा. वजन शक्यतो तेच किंवा दहा टक्के कमी, सेट मात्र निम्मे. महिनाभर एवढ्यानेही कमावलेली ताकद बरीचशी टिकते. या महिन्यात हुकलेल्या उचलीसमोर वहीत ‘र’ लिहा आणि तीनदा हुकली तर माघार हा नियम लावू नका. ईदनंतर पहिला आठवडा हलका घ्या, शिरखुर्म्याच्या जोरावर एकदम जुन्या वजनावर जाऊ नका. शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी रमजानआधीच डॉक्टरांना विचारावं.

मुली, वडीलधारे आणि लेकरं

मुलींना नियम तेच, फक्त वजनाची उडी लहान. घरात दोन डंबेल किंवा पाण्याच्या बाटल्या असल्या तरी सुरुवात होते. वजन उचलून बाईचं शरीर पुरुषी होतं ही भीती निराधार आहे. हाडं मात्र मजबूत होतात.

पन्नाशीच्या पुढच्यांसाठी सगळ्यात कामाचा व्यायाम म्हणजे हात न टेकता खुर्चीवरून उठणं. ज्यांना सजद्यातून उठताना जमिनीचा आधार लागतो त्यांनी दहा-दहाचे दोन सेट करावेत. नववी हुकली तर आठवर थांबा, उशी ठेवून खुर्ची उंच करा. काही आठवड्यांनी उशी काढा. रक्तदाब असेल तर श्वास रोखून जोर लावू नका, उठताना श्वास सोडा.

शाळकरी लेकरांना देखरेखीखाली हलका व्यायाम चालतो. त्यांनी जास्तीत जास्त किती उचलतो ही शर्यत लावायची नाही.

डॉक्टरांकडे कधी?

व्यायामानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं साधारण आहे. पण उचल हुकताना टक असा आवाज आला, तीक्ष्ण कळ आली, सांधा सुजला किंवा हातापायाला मुंग्या राहिल्या तर मालिश न करता डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं किंवा फार व्यायामानंतर लघवी चहासारखी गडद होणं यात घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गडद लघवी म्हणजे तुटलेल्या स्नायूंचा भार मूत्रपिंडावर पडल्याची खूण असू शकते.

एक वही ठेवा

आमच्या हाताखालून गेलेला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी घरी एकटाच बेंच मारत होता. सहावी उचल हुकली, दांडी छातीवर अडकली. धाकट्या बहिणीने आवाज ऐकला आणि एका बाजूचा डबा ओढून काढला. अल्लाहची मेहेरबानी, नुसत्या बरगड्या दुखल्या. आम्ही भेटायला गेलो तर म्हणाला, “सर, पाच झाल्या होत्या, सहावीला सोडायची लाज वाटली.”

ती लाजच घातक आहे. घरात पाहायला कुणीही नव्हतं, तरी लाज वाटली.

आम्ही त्याला शंभर पानी वही दिली. तारीख, व्यायाम, वजन, ठरवलेल्या उचली, झालेल्या उचली, झोप किती तास, एवढे सहा रकाने. हुकलेली उचल लपवायची नाही, लाल पेनाने लिहायची. तीन महिन्यांनी त्याने वही आणून दाखवली. लाल आकडे अकरा होते. त्यातले आठ अशा दिवसांचे होते की आदल्या रात्री तो पाच तासही झोपला नव्हता. त्याला आम्ही काही सांगावं लागलं नाही.

बळकट मोमिनाची थोरवी आपल्याकडे सांगितली जाते, आणि शरीराचा आपल्यावर हक्क आहे हेही शिकवलं जातं. दोन्ही एकत्र लक्षात ठेवलं तर दांडी कधी उचलायची आणि कधी ठेवायची, दोन्ही कळतं. वेटलिफ्टिंगच्या नियमातही प्रत्येक खेळाडूला तीन प्रयत्न देतात. हुकलेलं वजन पुन्हा मागता येतं. स्पर्धेत मात्र त्याहून कमी वजनावर परतता येत नाही. आपल्या ओसरीवर ती अडचण नाही. आज ६० अडलं तर पुढच्या आठवड्यात ५५ वरून पुन्हा सुरू करा, इन्शाअल्लाह ते जाईल.